औषध की प्रसाधन?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावायचे उटणे हे औषध की प्रसाधन? आमच्या सीमाभागातल्या घरांत, मग हळदीला कोणी हळद म्हणो की अरिशिण, हा प्रश्न कोणाला पडल्याचे ऐकिवात नाही. नागरमोथा, कचोरा, वाळा ही सारी काष्टौषधींच्या एकाच दुकानातून येतात; त्यांतली काही काढ्यात जातात, काही अभ्यंगाला. प्रश्न पडला तो केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याला, आणि त्याच्या उत्तरासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

कारण अगदी व्यवहारी होते. औषधावर कर कमी, प्रसाधनावर किती तरी जास्त. १९४० च्या औषधे व प्रसाधने कायद्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधे आली आणि चरक, सुश्रुत आदींचे ग्रंथ प्रमाण म्हणून मान्य झाले. पुढे कारखानदार सांगू लागले, आमची वनस्पती ग्रंथात आहे, तेव्हा आमचा माल औषधच. खाते म्हणे, ग्रंथाचे राहू द्या, गिऱ्हाईक काय समजून विकत घेते ते सांगा.

यातला गाजलेला वाद लाल दंतमंजनाचा. बैद्यनाथचे हे मंजन कित्येक घरांच्या मोरीत असे. त्यात सत्तर टक्के गेरू. ज्या गेरूने आपल्या बायका तुळशीवृंदावन सारवतात, तोच. न्यायाधिकरणाला तो नुसता भर घालणारा किंवा रंग देणारा पदार्थ वाटला. वैद्याला विचारले असते तर गैरिक हे रसशास्त्रातले द्रव्य आहे असे त्याने सांगितले असते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो लोकव्यवहारावर. करकायद्यातला शब्द शास्त्रीय परिभाषेने तोलायचा नाही, वापरणारी माणसे त्याचा जो अर्थ घेतात तो धरायचा. रोज सकाळी दात घासायची पूड ती. तिला औषध कोण म्हणेल? २००९ साली हाच वाद पुन्हा तिथे गेला आणि निकाल तोच राहिला.

केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली सुरू केलेल्या विकोचे नशीब निराळे. तिच्या वज्रदंतीवर आणि हळदीच्या क्रीमवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वाद चालला. दूरदर्शनवरच्या तिच्या गाण्यात हे प्रसाधन नव्हे असे ठासून सांगत. तेव्हा ते आपल्याला नुसते यमक वाटे. खटल्याची हकीकत कळल्यावर त्या नकाराचे वजन ध्यानी येते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने विकोचा माल औषध ठरवला. लोक त्याला औषध समजत नाहीत असे म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याचा भार खात्यावर, आणि तो खात्याने पेलला नव्हता. म्हणजे एकाच दशकाच्या अंतराने एक मंजन औषध नव्हे आणि दुसरे औषध!

गिऱ्हाइकाच्या समजुतीला न्यायालयाने मान दिला हे मला आवडते. पण रोजच्या वापराची वस्तू ती औषध नव्हे, ही समजूत मुळात आपली आहे काय? वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दुसराच अध्याय दिनचर्येचा. रुई, वड, खैर, करंज यांच्या काड्यांनी दात घासणे, तेलाचे अभ्यंग, उद्वर्तन म्हणजे आपले उटणे, हे सारे तिथे रोगाच्या आधी येते. आजारी पडल्यावर घ्यायचे ते औषध आणि एरवीचे ते प्रसाधन, ही वाटणी बाटली, चिठ्ठी आणि दवाखाना यांच्याबरोबर आली. ती आपल्याही अंगवळणी पडली आहे. एरवी त्याच शिकेकाईच्या वेष्टनावर ‘आयुर्वेदिक’ छापले की चार पैसे जास्त द्यायला आपण तयार झालो नसतो. आजीने घरी कुटलेल्या शिकेकाईवर काहीच छापलेले नसे.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ ला आला तरी दोन रकाने कायम राहिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषध, दंतमंजन आणि केसांचे तेल ही सारी पाच टक्क्यांवर आली, आणि मंजनापुरते भांडायला कारणच उरले नाही. चेहऱ्याला लावायच्या प्रसाधनी क्रीमवर मात्र अठरा टक्के कायम आहेत. हळदीच्या क्रीमला अजूनही आपण औषध असल्याचे सांगत राहावे लागेल.