जिन्नांना अर्ज

दिल्लीतील फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या किल्ल्यात राहणाऱ्या अदृश्य जिन्नांच्या नावे भाविक लिहीत असलेली गाऱ्हाण्यांची पत्रे. भय, अद्भुत आणि खिन्नता एकत्र नांदणारे हे लेखन लोकांनीच आपल्या अडीनडीतून घडवले आहे.

फिरोजशाह तुघलकाने १३५४ मध्ये यमुनाकाठी फिरोजाबाद वसवले. कोटला हा त्याचा बालेकिल्ला. तोपऱ्याचा अशोकस्तंभ बोरूत आणि कच्च्या कातड्यांत गुंडाळून, ४२ चाकांच्या गाड्यावरून व पुढे होड्यांतून येथे आणल्याचे वर्णन अफीफ या इतिहासकाराने केले आहे. स्तंभावरचा लेख सुलतानाने बोलावलेल्या पंडितांना लागला नाही. तो १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने वाचला. जिन्नांचे प्रमुख ‘लाटवाले बाबा’ याच स्तंभात राहतात, अशी श्रद्धा आहे.

गुरुवारी गर्दी होते. काजळी धरलेल्या, वटवाघळांच्या वासाने कोंदलेल्या कोठड्यांत मेणबत्त्या आणि उदबत्त्या लागतात, गुलाबपाकळ्या वाहिल्या जातात. पत्राचा घाट सरकारी अर्जाचा: नाव, पत्ता, पुष्कळदा फोटोही. मग नोकरी, आजारपण, कोर्टकज्जे, न जमणारे लग्न. एकाच पत्राच्या झेरॉक्स प्रती वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवतात, जणू प्रत्येक खात्याकडे एक. ही कल्पना गमतीची वाटते, पण जिवंत माणसांच्या कचेऱ्यांत दाद न मिळालेला माणूसच इतक्या निगुतीने अर्ज करतो. अर्जदारांत मुसलमानांबरोबर हिंदूही असतात. आनंद विवेक तनेजा यांनी ‘जिनिऑलॉजी’ (२०१७) या ग्रंथात या प्रथेचा अभ्यास केला आहे. आणीबाणी उठल्यावर, १९७७ च्या सुमारास, लोक येथे मोठ्या संख्येने येऊ लागले, असे ते दाखवतात. आणीबाणीत झालेली तुर्कमान गेट वस्तीची पाडापाडी तेव्हा ताजी होती.

हॉरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून (१७६४) गॉथिक कथेतला जुना वाडा माणसाला गिळायला बसलेला असतो. मराठीत नारायण धारपांच्या कथांतली अमानवी शक्तीही बहुधा घरात शिरणारी, परतवून लावायची असते. कोटल्यात माणूसच अंधारात शिरतो, तोही ओळख पटवून. आपल्याकडे याला जवळचा वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा: रात्री गावाची राखण करत फिरणाऱ्या या देवाला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. त्याच्याकडे गाऱ्हाणे तोंडी घालतात. कोटल्यात ते कागदावर मांडावे लागते.