जंपर ते यूएसबी : खेळाची उपकरणे संगणकाला जोडण्याचा विस्मृत इतिहास

#थ्रेड

१/ नवा गेम कंट्रोलर आणावा, त्याची वायर संगणकाला जोडावी आणि चार-पाच सेकंदांत खेळायला बसावे, यात आज कोणालाही नवल वाटत नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मात्र याच कामासाठी लोक स्क्रूड्रायव्हर घेऊन संगणकाचे झाकण उघडत असत. या दोन दृश्यांच्या दरम्यान काय घडले, ते आज पाहू.

२/ १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. यंत्र प्रामुख्याने कार्यालयीन कामाचे; तरीही त्यासाठी ‘गेम कंट्रोल अडॅप्टर’ नावाचे स्वतंत्र कार्ड उपलब्ध होते. १५ पिनांचा एक पोर्ट, त्यावर दोन जॉयस्टिक आणि एकूण चार बटणे. पीसीवरील खेळाच्या उपकरणांचा इतिहास इथून सुरू होतो.

३/ या पोर्टची रचना स्वस्त होती आणि म्हणूनच कटकटीची. जॉयस्टिकचा दांडा हलला की तिच्यातील विद्युतरोध बदले. त्या रोधामुळे कार्डावरील कपॅसिटर भरायला कमी-अधिक वेळ लागे. हा वेळ मोजायचे काम कार्ड करत नसे; खेळाच्या प्रोग्रामला स्वतःच ‘भरला का, भरला का’ असे विचारत मोजत बसावे लागे.

परिणामी तीच जॉयस्टिक वेगवान प्रोसेसरच्या संगणकावर निराळा आकडा देई. म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वी सूचना येत : दांडा वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा; आता खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा. या विधीला कॅलिब्रेशन म्हणत.

४/ १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ हे कार्ड आणले. आवाज आणि जॉयस्टिकचा पोर्ट दोन्ही एकाच कार्डावर. एक स्लॉट वाचला, दोन कामे झाली. पण कार्ड बसवणाऱ्याला तीन गोष्टींची उत्तरे ठाऊक असावी लागत : पोर्टचा पत्ता, आयआरक्यू आणि डीएमए.

५/ आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यासाठी उपकरणाला दिलेली तार. मूळ पीसीत अशा ८ तारा होत्या. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये दुसरी चिप जोडून त्या १६ झाल्या; त्यांतली एक या दोन चिपांना जोडण्यातच खर्ची पडली. उरलेल्यांपैकी बऱ्याच कीबोर्ड, घड्याळ, फ्लॉपी यांनी आधीच अडवलेल्या.

सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरची कारखान्यातून ठरून आलेली तार ७ क्रमांकाची; तीच पहिल्या प्रिंटर पोर्टचीही. पहिल्या सीरियल पोर्टवर माउस आणि तिसऱ्यावर मोडेम असेल, तर दोघांची तार ४ क्रमांकाची. एकाच तारेवर दोघे आले की कधी माउस थिजे, कधी आवाज अडखळे.

६/ उपाय काय? झाकण उघडायचे, कार्डावरची ‘जंपर’ नावाची नखाएवढी टोपी उपसून शेजारच्या पिनांवर बसवायची. मग डॉसच्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये नवे आकडे लिहायचे. तेवढ्यानेही भागत नसे. डॉसमध्ये आवाजाची सामाईक व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे प्रत्येक खेळ आपापली सेटअप फाइल घेऊन येई. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’लाही कार्ड कोणते, पत्ता कोणता, तार कोणती हे खेळाडूनेच सांगायचे असे. आकडा चुकला की राक्षस निमूटपणे चालून येत.

७/ इथे मुद्दा केवळ गैरसोयीचा नाही. संगणकातील प्रत्येक भाग दुसऱ्याविषयी अनभिज्ञ होता आणि त्यांच्यातील तंटा सोडवण्याचे काम ग्राहकाच्या माथी मारलेले होते. ज्याच्याजवळ माहितगार मित्र, वेळ आणि यंत्र उघडण्याचे धाडस होते, तोच खेळू शके. तंत्रज्ञान कोणासाठी आहे, हे किमतीइतकेच अशा अडथळ्यांवरूनही ठरत असते.

८/ १९९३ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पुढाकाराने आयएसए कार्डांसाठी ‘प्लग अँड प्ले’चा आराखडा आला. कार्डाने स्वतःची ओळख सांगायची आणि तारांचे वाटप संगणकाने करायचे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने ही कल्पना घराघरात नेली. पण जुनी जंपरवाली कार्डे त्याच यंत्रांत ठाण मांडून होती. अनुभवी लोकांनी या व्यवस्थेचे नाव ‘प्लग अँड प्रे’ ठेवले : जोडा आणि देवाचा धावा करा.

९/ जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. यामागे कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या होत्या. इंटेलमधील या कामाचे एक प्रमुख शिल्पकार अजय भट्ट. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले.

यूएसबीने प्रश्नाची दिशाच उलटी केली. जोडताक्षणी संगणक विचारतो, ‘तू कोण?’ उपकरण उत्पादकाचा क्रमांक, स्वतःचा क्रमांक आणि प्रकार सांगते. कीबोर्ड, माउस, जॉयस्टिक यांच्यासाठी ‘एचआयडी’ हा स्वतंत्र प्रकार ठरला. आपल्याला किती बटणे आहेत, किती अक्ष आहेत, याचे वर्णन उपकरण स्वतःच देते. प्रत्येक उपकरणासाठी वेगळ्या तारेची गरजही संपली.

१०/ प्रवास निर्विघ्न नव्हता. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. स्कॅनर जोडला आणि भर सभेत पडदा निळा झाला. सहज जोडणीचे वचन देणे सोपे होते, पाळणे कठीण.

११/ जंपर गेले. मग जुळवाजुळव संपली का? नाही, तिचा अर्थ बदलला. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये कोणती कळ काय करील, हे खेळाडू ठरवू शके. १९९७ मध्ये ‘रेड अनाइहिलेशन’ स्पर्धा जिंकून जॉन कारमॅक यांची फेरारी मिळवणाऱ्या डेनिस फाँगची कळरचना इतरांनी उचलली. डब्ल्यू-ए-एस-डी ही चौकडी रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

माउसचेही तसेच. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा आपली खबर देतो, गेमिंग माउस १,००० वेळा. पूर्वी यंत्राला उपकरण ओळखू यावे म्हणून आकडे बदलावे लागत. आता उपकरण हाताला जुळावे म्हणून बदलतात.

१२/ पण हात कोणाचा? १९८१ पासूनच्या बहुतेक साऱ्या उपकरणांनी दोन धडधाकट हात आणि चपळ बोटे गृहीत धरली होती. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. तो विंडोज पीसीलाही जोडता येतो. वर दोन मोठी बटणे, मागे ३.५ मिमीचे १९ जॅक. पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायची बटणे त्यांत जोडून प्रत्येकाने आपापला कंट्रोलर रचावा, ही त्यामागची कल्पना.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक सावधगिरीची सूचना आहे. अडचण कागद मागे ठेवते : माहितीपुस्तिका, आकड्यांचे तक्ते, चुकांच्या याद्या. सोय मागे काहीच ठेवत नाही आणि मग ती निसर्गदत्त वाटू लागते. ती तशी नसते. हे ओझे वापरणाऱ्याने वाहायचे नाही, असे कोणीतरी कधीतरी ठरवलेले असते.

पुढच्या वेळी कंट्रोलर जोडाल, तेव्हा ते चार सेकंद जरा लक्ष देऊन पाहा. पूर्वी माणसाने सोडवायचा तंटा त्या चार सेकंदांत यंत्रे आपसात मिटवत असतात.