भांदकचा दगडी पूल व त्याचें छायाचित्र

वरोऱ्याहून चंद्रपुरास जातांना भांदक, म्हणजे हल्लींचें भद्रावती, लागतें. तेथील विजासन टेकडींतील बौद्ध लेणीं सर्वांस ठाऊक आहेत; डोलारा तलावांतील बेटास कांठाशीं जोडणाऱ्या जुन्या पुलाकडे मात्र थोडेच वळतात. जाड खांबांच्या दोन रांगा, त्यांवर टाकलेल्या अवजड दगडी तुळया, आणि त्याच तुळयांवरून वाट. कमानीचा आधार नाहीं. गॅझेटियरांत लांबी १३६ फूट व रुंदी ७ फूट दिली आहे.

आम्हीं प्रथम पुलाच्या तोंडाशीं उभें राहून छायाचित्र घेतलें. तें दिसावयास सुरेख. पण पुढच्या खांबांनीं मागचे झांकले, आणि हा पूल कीं नुसता बांध, हें सांगतां येईना. मग बाजूनें, तिरप्या उन्हांत घेतलें. तेव्हां खांब मोजतां आले व तुळई खांबावर टेकते तो सांधाही उमटला.

कनिंगहॅम यांनीं मध्यप्रांतांतील १८७३-७५ च्या दौऱ्यांचा वृत्तांत १८७९ सालीं छापला, त्यांत भांदक आहे. त्यांचे साहाय्यक बेग्लर छायाचित्रेंही घेत. अशा जुन्या चित्रांशीं ताडल्यावांचून कोणता दगड मूळचा व कोणता मागाहून बसविलेला, हें ठरविणें कठीण. ताडावयाचें तर जागा, दिशा, तारीख व शेजारीं धरलेली मोजपट्टी हवी. एवढेंही ज्यावर नाहीं तें छायाचित्र आमच्या मतें मिती नसलेल्या पत्रासारखें. अस्सल असूनही पुराव्यास लंगडें. वाचकांच्या दप्तरांत वरोरा-भांदककडील चित्रें असल्यास पाठीवर आठवेल तें आजच लिहावें. मात्र हलक्या हातानें, पेन्सिलीनें. शाई पुढच्या बाजूस फुटते.