अपघातांच्या अभ्यासातून घडणारे वैमानिक

वैमानिकांच्या प्रशिक्षणात जुन्या अपघातांच्या चर्चेला मोठे स्थान आहे. चौकशी अहवाल आणि कॉकपिटमधील ध्वनिमुद्रित संभाषणाचा उतारा समोर ठेवून, त्या-त्या क्षणी वैमानिकांना काय दिसत होते, काय ठाऊक होते, याचा माग घेतला जातो. दोषी कोण, हा प्रश्न येथे गौण ठरतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसारही चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हाच आहे.

अशा चर्चांतील ठळक उदाहरण म्हणजे २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडजवळ कोसळलेले युनायटेड एअरलाइन्सचे उड्डाण १७३. चाके नीट बाहेर आल्याचा दिवा न लागल्याने कप्तानाने सुमारे तासभर घिरट्या घातल्या. चाकांचा बिघाड आणि प्रवाशांची तयारी यांत तो इतका गढून गेला, की आटत चाललेल्या इंधनाचे भान सुटले. इंधनाची स्थिती सहकाऱ्यांना दिसत होती. त्यांनी ती आडून सुचविली, ठणकावून सांगितली नाही. अखेर इंजिने बंद पडली आणि विमान उपनगरात कोसळले. १८९ पैकी १० जण दगावले. इंधनच उरले नसल्याने आग लागली नाही, हा त्यातला विचित्र योगायोग.

या तपासातून वैमानिकाच्या कौशल्याइतकेच कॉकपिटमधील परस्परसंवादाला महत्त्व आले. १९७९ मध्ये ‘नासा’ने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’चे प्रशिक्षण सुरू केले. कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलावी आणि वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी, हे त्याचे सूत्र. वरकरणी साधे वाटते. पण हुद्द्याचा धाक जुना असेल तेथे ते अंगवळणी पडणे सोपे नसते.

त्याची कसोटी १९ जुलै १९८९ रोजी लागली. युनायटेडच्या उड्डाण २३२ चे शेपटीतील इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. योगायोगाने डेनिस फिच हे प्रशिक्षक वैमानिक प्रवासी म्हणून विमानात होते. १९८५ मध्ये जपान एअरलाइन्सच्या उड्डाण १२३ चीही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी होऊन ५२० जणांचा बळी गेला होता. त्या अपघाताचा विचार करून फिच यांनी केवळ इंजिनांच्या शक्तीवर विमान हाकण्याचा सराव सिम्युलेटरवर केलेला होता. कप्तान अल हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये घेतले. सू सिटीच्या धावपट्टीवर विमान आदळून मोडले. ११२ जण मृत्युमुखी पडले, तरी १८४ वाचले. पुढे हेन्स यांनी व्याख्यानांतून याचे श्रेय सांघिक प्रशिक्षणालाही दिले.

अशा चर्चेतला मोठा धोका पश्चातबुद्धीचा. शेवट ठाऊक असला की प्रत्येक चूक ढळढळीत दिसते आणि ‘मी असे केले नसते’ असे वाटू लागते. जाणता प्रशिक्षक म्हणूनच शेवट झाकून ठेवतो आणि प्रत्येक टप्प्यावर ‘आता काय कराल?’ असे विचारतो.

प्रशिक्षण असूनही सूत्र निसटू शकते, हे २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे दिसले. विमान प्रमाणाबाहेर उंचीवरून उतरत असताना सहवैमानिकाने ते पुन्हा वर नेण्यास तीनदा सुचविले. कप्तानाने उतरणे थांबविले नाही. धावपट्टी ओलांडून विमान दरीत गेले आणि १५८ जणांचा अंत झाला. अनेक विमान कंपन्यांत आज दोघांपैकी कोणीही ‘गो-अराउंड’ म्हटले, की चर्चा न करता विमान वर न्यायचे, असा नियम आहे.