आश्रयाधिकार, निर्वासितांचा
स्वदेशात होणाऱ्या छळाच्या भीतीने परागंदा झालेल्या व्यक्तीचा परराष्ट्राकडे संरक्षण मागण्याचा अधिकार. प्राचीन ग्रीसमध्ये देवालयात आणि मध्ययुगीन यूरोपात चर्चमध्ये शरण आलेल्यास अभय मिळे. सार्वभौम राष्ट्रांच्या उदयानंतर आश्रय देणे वा नाकारणे हा राष्ट्राचा हक्क ठरला. आश्रय मिळणे हा व्यक्तीचा हक्क मात्र मानला गेला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने १९२१ मध्ये फ्रित्यॉफ नान्सेन यांना निर्वासितांविषयीचे उच्चायुक्त नेमले. रशियन निर्वासितांना १९२२ पासून मिळालेली ओळखपत्रे ‘नान्सेन पासपोर्ट’ या नावाने प्रसिद्धीस आली. तथापि आश्रय देण्याचे बंधन कोणत्याही राष्ट्रावर नव्हते. १९३९ मध्ये हँबर्गहून नऊशेहून अधिक प्रवासी घेऊन निघालेल्या ‘सेंट लूइस’ जहाजावरील बहुतेक ज्यूंना क्यूबाने उतरू दिले नाही. अमेरिका व कॅनडा यांनीही त्यांना प्रवेश दिला नाही. जहाज यूरोपला परतले आणि पुढे जर्मनीने व्यापलेल्या देशांत त्यांपैकी २५४ जण मृत्युमुखी पडले.

मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याने (१९४८) अनुच्छेद १४ अन्वये आश्रय मागण्याचा व उपभोगण्याचा हक्क मान्य केला. परंतु तो देण्याचे कर्तव्य राष्ट्रांवर लादले नाही. ही उणीव १९५१ च्या जिनीव्हा कराराने अंशतः भरून काढली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असलेली, स्वदेशाबाहेरील आणि स्वदेशाचे संरक्षण घेऊ न शकणारी वा त्या भीतीपोटी घेऊ न इच्छिणारी व्यक्ती म्हणजे निर्वासित, अशी व्याख्या त्यात आहे. केवळ दारिद्र्यामुळे देशांतर करणारे तीत येत नाहीत; युद्धगुन्हेगारांनाही करार लागू होत नाही. जीविताला वा स्वातंत्र्याला धोका असलेल्या प्रदेशात निर्वासितास परत धाडू नये, हे अनुच्छेद ३३ मधील तत्त्व कराराचा गाभा होय. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता; ही मर्यादा १९६७ च्या पूरक कराराने दूर केली. आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या १९६९ च्या कराराने परकीय आक्रमण व गंभीर अशांतता यांमुळे पळालेल्यांचाही समावेश केला.

भारताने १९५१ च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही; तथापि १९५९ पासून तिबेटी निर्वासितांना त्याने आश्रय दिला. संविधानाच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने चकमांच्या खटल्यात (१९९६) स्पष्ट केले. मात्र निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे तेथे आश्रय हा मुख्यतः शासनाच्या धोरणावर अवलंबून राहिला आहे.