हळदीतला पिवळा रंग : एक की तीन?

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात पिकणाऱ्या वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात कुरकुमिन सहा टक्क्यांहून अधिक असते, असे सांगितले जाते. या आकड्यावर शेतकऱ्याचा भाव अवलंबून असतो. म्हणून तो मोजताना नेमके काय मोजले जाते, हे आपण पाहू.

हळदीची पूड स्पिरिटमध्ये भिजवली की रंग लगेच उतरतो. पण त्याच्यासोबत राळ आणि सुगंधी तेलही उतरते, आणि अडचण तिथेच सुरू होते. १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए यांनी हळदीतले पिवळे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. (हाच पेल्तिए पुढे १८२० साली काव्हाँतूबरोबर सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढणारा.) त्यांचे द्रव्य मात्र राळ व तेल यांचे मिश्रण निघाले. स्फटिकरूप कुरकुमिन मिळायला १८७० साल उजाडले आणि त्याच्या रेणूची रचना कळायला १९१०.

गोष्ट इथे संपली असे वाटले असते. परंतु १९५३ साली श्रीनिवासन यांनी हळदीचा रंग क्रोमॅटोग्राफीने तपासला आणि त्यात एक नव्हे, तीन संयुगे असल्याचे दाखवले. तिघांचा सांगाडा सारखाच असतो. फरक एवढाच की एकावर मेथॉक्सी गट दोन असतात, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर एकही नाही. मेथॉक्सी गट शेजारच्या हायड्रॉक्सिल गटाला स्वतःशी गुंतवून ठेवतो, त्यामुळे सिलिकाची त्यावरची पकड सैल पडते. दोन मेथॉक्सीवाला रेणू म्हणून पुढे सरकतो आणि बिनमेथॉक्सीवाला मागे रेंगाळतो.

आता बाजाराकडे वळू. नेहमीच्या तपासणीत अर्क अल्कोहोलमध्ये विरळ करून तो सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश किती शोषतो, ते पाहतात. तिन्ही संयुगे हा प्रकाश शोषतात, म्हणजे येणारा आकडा तिघांची बेरीज असतो. उच्चक्षमता द्रव क्रोमॅटोग्राफीने तिघांना सुटे करून मोजले, तर एकट्या कुरकुमिनचा आकडा साहजिकच कमी येतो. एकाच पोत्यातल्या हळदीचे असे दोन दाखले मिळाले, तरी कोणी लबाडी केली असे नव्हे. आमच्या मते दाखल्यावर टक्क्यांशेजारी मोजण्याची पद्धत छापणे सक्तीचे हवे.

वर्गात आपण हळदीचा कागद चुन्याच्या पाण्यात बुडवून लाल करून दाखवतो. त्या प्रयोगातही ही तिन्ही संयुगे एकत्रच रंग बदलतात.