हमरस्त्यावरचे लडाख

श्रोतेहो, लडाखला निघालो तेव्हा आपण जगाच्या टोकाला चाललो आहोत, अशीच आम्हां चौघा मित्रांची समजूत होती. श्रीनगर सोडले, जोजीला ओलांडली आणि हिरवळ मागे राहिली ती राहिलीच. तिकडच्या भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड. पुढची फोतुला तर १३,००० फुटांहून उंच. तेथे चार पावले भराभर टाकली की धाप लागे. आमच्यातले सर्वांत बोलके गृहस्थही तेथे मुकाट्याने दगडावर बसून राहिले. लेहला ज्यांच्या घरी उतरलो, त्या वृद्ध यजमानांना आम्ही म्हटले, “मेमेले, फार आडबाजूला राहता तुम्ही.” ‘मेमे’ म्हणजे आजोबा, आणि ‘ले’ म्हणजे आपला ‘जी’. मेमेले हसून म्हणाले, “आमच्या वडिलांच्या वेळी लेह आडबाजूला नव्हते. चहूकडच्या वाटा या बाजारात येऊन मिळत.” पुढचे आठ दिवस आम्ही या एका वाक्याचा पुरावा शोधीत हिंडलो.

पहिला पुरावा सिंधुकाठी आलचीला मिळाला. अकराव्या-बाराव्या शतकांतली ही मंदिरे. रिन्चेन झांगपो (९५८–१०५५) या भाषांतरकार भिक्षूने काश्मीरला जाऊन तेथील ग्रंथविद्या व कारागीर हिमालयापलीकडे नेले. परंपरा आलचीचे श्रेय त्यालाच देते. भिंतींवरचे लेख मात्र दुसऱ्या दात्यांची नावे सांगतात. तेथल्या तीनमजली देवळात अवलोकितेश्वराची उंच मूर्ती आहे. तिच्या धोतरावर चिमुकली देवळे आणि राजवाडे रंगविलेले आहेत, आणि ते काश्मिरी धाटणीचे आहेत. त्या काळचे काश्मीरचे बौद्ध विहार आज उभे नाहीत. त्या चित्रपरंपरेचा अवशेष जोजीलाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे पाहावा लागतो! अजिंठा पाहिलेल्या आम्हां मंडळींना तेथून पाय काढवेना.

दुसरा पुरावा खुद्द लेहचा. बाजाराच्या डोक्यावर सेंगे नामग्याल राजाने सतराव्या शतकात बांधलेला नऊमजली राजवाडा आहे. हेमिसच्या मठाला आश्रय देणाऱ्या या बौद्ध राजाची आई बाल्टिस्तानची मुसलमान राजकन्या होती. राजवाड्याच्या पायथ्याशी जामा मशीद. ती १६६०च्या दशकात, औरंगजेबाशी झालेल्या समझोत्यानंतर उभी राहिली. म्हणजे त्याच दशकात, ज्यात शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले. एकाच बाजारात काश्मिरी, यारकंदी, तिबेटी, पंजाबी व्यापारी बसत. उत्तरेकडून रेशीम, नमदे आणि चरस येई. पंजाबातून सुती कापड, नीळ आणि मसाले जात. तिबेटातून चहाच्या विटा, मीठ आणि पश्म येई. पश्म म्हणजे चांगथांगच्या थंडीत शेळीच्या अंगावर येणारी मऊ लव. शालीचा सारा डौल तिच्यावर. १६८४च्या तिंगमोसगांगच्या तहात पश्मीच्या व्यापाराचे कलम आले ते याच कारणाने, आणि १८३४ साली जोरावरसिंग डोग्रा लडाखवर चालून आला, त्यामागेही या व्यापाराचा लोभ होता.

यारकंदची वाट मात्र भयंकर. खारदुंग, सासेर आणि मग १८,००० फुटांवरची काराकोरम, महिनाभराची चाल. मेलेल्या जनावरांची हाडे हीच वाटेची खूण. ही वाट एकट्याने चालावयाची नव्हे. बौद्ध घोडेवाला, मुसलमान व्यापारी आणि हिंदू सावकाराचा माल एकाच काफिल्यात असे. सोबत ही तेथे हौस नव्हती, ती जगण्याची अट होती. मोटारीतून खारदुंगला चढताना आमचेच एक मित्र उलट्यांनी बेजार झाले, आणि आम्ही तिघांनी त्यांना आळीपाळीने सावरले. तेव्हा त्या अटीचा थोडा अर्थ आम्हांला कळला.

मग ही वाहती पेठ कोपऱ्यात कशी गेली? पर्वत तर होते तेथेच होते. १९४८ साली युद्धाने स्कर्दूची वाट तोडली. त्याच वर्षी मे महिन्यात एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन लेहच्या नव्या धावपट्टीवर विमान उतरविले, म्हणून लेह वाचले. १९४९ला चीनमध्ये सत्ता पालटली आणि यारकंदचे काफिले थांबले. १९६२च्या युद्धापर्यंत तिबेटचेही दार लागले. अवघ्या चौदा वर्षांत तीन दारे बंद झाली. आणि १९७४ साली प्रवाशांना मोकळीक मिळाली तेव्हा लोक ‘दुर्गम लडाख’ पाहावयास जाऊ लागले.

नुब्राच्या खोऱ्यात हुंदर गावी दोन मदारींचे उंट आहेत. यारकंदच्या काफिल्यांबरोबर आलेल्या उंटांचा हा वंश. आता तो प्रवाशांना वाळूत घटकाभर फिरवून आणतो. ते पाहताना आम्हांला आपला नाणेघाट आठवला. सातवाहनांच्या काळी तेथून कोकणातला माल जुन्नरला चढे. व्यापाऱ्यांनी दाने दिली, भिक्षूंची लेणी उभी राहिली. आज तेथे पावसाळ्यात हौशी मंडळी जातात आणि ‘आडवाट’ म्हणतात. रस्ता मोडला की हमरस्त्याची आडवाट होते, आणि दोन पिढ्यांत लोक समजतात की ती मुळापासून आडवाटच होती.

निघताना मेमेले खारट लोणीचहाचा पेला पुढे करून म्हणाले, “पुन्हा या.” आम्ही चौघांनीही ‘हो’ म्हटले. टोकाला कोणी पुन्हा जात नाही, श्रोतेहो. ओळखीच्या पेठेला जातात.